सात जोड्यांची खिंड

खिळा तीन दिवस बुटातच होता.
मला कळलं नाही. साखरेने पाय केव्हाच बहिरे केलेत.
कुत्रा फरशीवरचं रक्त चाटू लागला
तेव्हा कुठे मी खाली पाहिलं.

ग्रोआ नर्स, स्टेइंडोरची धाकटी,
टाचेतलं सडकं सगळं खरवडून काढते.
चाळीस वर्षं मी कॉडची पोटं साफ केली
तशीच, मनगट न हलवता, नुसत्या बोटांनी.
मी म्हणालो, हात चांगला आहे, बोटीवर चल.
ती म्हणाली, हलू नका, थोर्लाकुर.

मग पाकीट फाडलं.
आत एक पांढरट, कोरडा तुकडा,
खवल्यांच्या खुणा अजून अंगावर.
हे काय?
कॉड.
आणि मी इतका हसलो
की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी जागी झाली.
वास मारेल ना गं?
तुम्हाला कळणार आहे का, ग्रोआ म्हणाली.

तिने तुकडा खारट पाण्यात भिजवला, कातरला, बसवला.
बोलत होती: धुऊन धुऊन यातला मासा काढून टाकलाय.
राहिली ती फक्त परांची.
चर्चचा मनोरा रंगवताना बांधली होती ना, तसली.
तुमचीच माणसं चढतील तिच्यावर, हळूहळू, काठाकडून,
आणि काम झालं की ही उतरवायची नाही,
हीच भिंत होते.

भिंगाखाली दाखवली मला.
भोकंच भोकं, धागेच धागे.
जन्मभर मी त्यांच्यासाठी जाळी टाकली.
आता त्यांचं जाळं माझ्या टाचेत,
आणि पकडायचं कुणाला, तर मलाच.

उपकार फार झाले की माणूस म्हणतो
अंगाच्या कातड्याचे जोडे करून घालीन.
म्हणतो. घालत कुणी नाही.
कॉडने घातले.
आणि माझे त्याच्यावर उपकार कुठले?
गळ. सुरी. मीठ.

आई सांगायची, तिच्या आजोळी
माशाच्या कातडीचेच जोडे असत,
दगडांवर भराभर झिजणारे.
म्हणून डोंगरातली वाट जोड्यांत मोजायची:
ही खिंड चारांची, ती सातांची,
त्यापलीकडे जायचं तर आधी मासेमारी कर.

तर मंगळवार ते मंगळवार मी मोजत राहिलो.
हा दुसरा जोडा. हा तिसरा.
चौथ्याला ताप आला, पू झाला, तो वाया गेला;
डॉक्टर गुडघ्याकडे बघून बोलू लागले
आणि हेर्दिस बाहेर जाऊन उभी राहिली.
पाचवा.
सहाव्याला दोन महिन्यांनी सूर्य डोंगरावर आला,
चार मिनिटं, खिडकीच्या एका कोपऱ्यात.
ग्रोआ म्हणाली, बघा, भरतेय.
खरंच भरत होती. फ्योर्डमध्ये पाणी भरतं तशी,
मधून नाही, कडांवरून,
गुलाबी, आणि कुणाला न सांगता.

सातव्या मंगळवारी तुकडा सापडेना.
तिने चिमटा फिरवला, दिवा जवळ ओढला.
पडला की काय?
नाही, आत गेला.
आता कुठवर तो आणि कुठून तुम्ही,
ते मला नाही सांगता येणार.

अंगठा मात्र गेला तो गेलाच. तो आधीच कापला होता.

रात्री हेर्दिसने कॉड उकडला, बटाटे, वर लोणी.
कातडी मी नेहमी ताटाच्या कडेला सारतो.
आज सारली नाही. खाल्लीही नाही.
खा की, ती म्हणाली, गार होतंय.
टेबलाखाली टाच होती, अख्खी,
नवी, आणि तशीच बहिरी.

सकाळी बुटात पाय घालण्याआधी
आता हात घालतो.
दोन्ही बुटांत. अगदी टोकापर्यंत.